प्रोस्टेटची बायोप्सी: एका गोळीच्या भरवशावर नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाच्या रक्ततपासणीचा, आकडा वाढलेला आला की घरात पहिली धास्ती कर्करोगाची असते. त्या धास्तीत बायोप्सीच्या, म्हणजे ग्रंथीचे तुकडे काढून तपासण्याच्या, संमतिपत्रावर सही होते आणि त्यातली ‘जंतुसंसर्ग होऊ शकतो’ ही ओळ नीट वाचली जात नाही. डॉक्टरही तिच्यावर थांबत नाहीत, कारण अँटिबायोटिकची गोळी लिहून दिलेली असते. ती गोळी आता पुरेशी राहिलेली नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र. बायोप्सीनंतरचा संसर्ग कुठून येतो हे नेमके माहीत आहे. तो रोखण्याचे उपायही माहीत आहेत आणि त्यांतले बरेचसे साधे आहेत. तरीही ते सगळीकडे, रोज, प्रत्येक रुग्णासाठी होत नाहीत, याची आम्हाला काळजी वाटते.

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या अगदी पुढ्यात असते. म्हणून बायोप्सीचा रुळलेला मार्ग गुदाशयातून जातो. बोटाएवढा जाड सोनोग्राफीचा प्रोब आत ठेवतात. त्याला जोडलेल्या नळीतून, म्हणजे नीडल गाइडमधून, १८ गेजची म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची सुई सरकवतात. स्प्रिंगचा चाप ओढला की सुई सुमारे दोन सेंटिमीटर पुढे झेपावते आणि ग्रंथीचा बारीक दोऱ्यासारखा तुकडा घेऊन येते. असे १० ते १२ तुकडे घेतात. याचा अर्थ, ती सुई १० ते १२ वेळा गुदाशयाची भिंत भेदून ग्रंथीत शिरते. गुदाशयात ई-कोलाय हा जंतू आणि त्याच्या जातभाईंची वस्ती असते. तिथे ते निरुपद्रवी असतात. सुईच्या टोकावरून आणि खाचेतून तेच जंतू ग्रंथीत पोचतात. ग्रंथीभोवती शिरांचे दाट जाळे असल्यामुळे तिथून रक्तात जायला त्यांना वेळ लागत नाही.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या आढाव्यानुसार गुदमार्गाने केलेल्या बायोप्सीनंतर साधारण ५ ते ७ टक्के रुग्णांना संसर्ग होतो आणि १ ते ३ टक्के रुग्णांना रुग्णालयात दाखल व्हावे लागते. टक्केवारी लहान वाटेल. पण हा माणूस सकाळी चालत आलेला असतो, फक्त तपासणीसाठी. त्याला कर्करोग आहे की नाही हेही अजून ठरलेले नसते. त्याला सेप्सिस (संसर्ग शरीरभर भिनून अवयव निकामी होऊ लागणे) होऊन अतिदक्षता विभागात जावे लागणे हा छोटा धोका म्हणता येत नाही.

पहिला प्रश्न सुई घालण्याच्या आधीचा आहे: बायोप्सी खरोखर लागणार आहे का? पीएसए कर्करोगाखेरीज इतर कारणांनीही वाढतो. लघवीचा संसर्ग, लघवी अडकणे, नळी घातलेली असणे, ग्रंथीची नुसती वयोमानाने झालेली वाढ, ही त्यातली नेहमीची कारणे. म्हणून एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. लघवीची तपासणी करावी, शंका आली तर कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करावे. संसर्ग सापडला तर तो पूर्ण बरा करावा, सहा ते आठ आठवडे थांबावे आणि त्याच प्रयोगशाळेत पीएसए पुन्हा करावा. लघवीत जंतू असताना बायोप्सी करणे म्हणजे आधीच पेटलेल्या जागी सुई घालणे.

इथेच एक सवय मोडायला हवी. कसलाही त्रास नसताना, लघवी स्वच्छ असताना, केवळ पीएसए खाली येतो का पाहू म्हणून दोन-चार आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक देतात. आकडा थोडा उतरला तरी कर्करोग नाही असे त्यावरून ठरत नाही. मात्र एवढ्या दिवसांत आतड्यातले त्या औषधाला बळी पडणारे जंतू मरतात आणि न जुमानणारे उरून वाढतात. पुढे बायोप्सी ठरली की संरक्षण म्हणून पुन्हा तेच औषध दिले जाते आणि सुईबरोबर आत जातात ते नेमके उरलेले जंतू. ज्या औषधावर बायोप्सीच्या दिवशी भिस्त ठेवायची, तेच आधी वाया घालवायचे, असा हा प्रकार आहे.

बायोप्सीआधी एमआरआय केल्याने अनेकांची सुई टळू शकते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉमिस’ या ब्रिटिश अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की आधी एमआरआय केला तर सुमारे २७ टक्के पुरुषांची बायोप्सी वाचू शकते. २०१८ च्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात ५०० पुरुष होते. त्यातल्या एमआरआय गटात २८ टक्क्यांना बायोप्सी करावीच लागली नाही. एमआरआयमध्ये संशयाची जागा नसेल तर पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागून पाहावे. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० मिलिलिटर असेल तर भागाकार ०.१० येतो. तो ०.१५ च्या खाली असेल आणि घराण्यात हा कर्करोग नसेल, तर लगेच बायोप्सी न करता ठराविक काळाने पीएसए पाहत राहण्याचा पर्याय रुग्णापुढे ठेवता येतो.

आता गोळीकडे. सिप्रोफ्लॉक्सासिन प्रोस्टेटमध्ये चांगले उतरते, तोंडाने घेता येते, म्हणून कित्येक वर्षे बायोप्सीआधी तेच दिले गेले. त्याला दाद न देणारे ई-कोलाय जगभर वाढले आहेत. त्यातले पुष्कळ ईएसबीएल हे औषध निकामी करणारे एंझाइम तयार करतात, म्हणजे सेफॅलोस्पोरिन या दुसऱ्या गटातली बरीच औषधेही त्यांच्यापुढे चालत नाहीत. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांचे स्नायुबंध आणि मज्जातंतूंवर होणारे दुष्परिणाम लक्षात घेऊन युरोपीय आयोगाने २०१९ मध्ये त्यांच्या वापरावर कडक बंधने घातली. शस्त्रक्रियेआधी संरक्षण म्हणून ती देण्याची मुभा काढून घेतली. प्रोस्टेटची बायोप्सी त्यात आलीच.

मग द्यायचे काय? एकच उत्तर सर्वांना लागू नाही. फॉस्फोमायसिन ट्रोमेटामॉल हे अँटिबायोटिक एक चांगला पर्याय आहे. ३ ग्रॅमची पुडी पेलाभर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, बायोप्सीच्या साधारण तीन तास आधी आणि रिकाम्या पोटी. दुसरी ३ ग्रॅमची पुडी २४ तासांनी. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये तोंडाने घेण्याच्या फॉस्फोमायसिनचे उपयोग मर्यादित केले, तरी गुदमार्गाच्या बायोप्सीआधीचा हा वापर कायम ठेवला. जेंटामायसिन किंवा अमिकासिनचे एक इंजेक्शन हा दुसरा पर्याय. त्याची मात्रा वजन पाहून ठरवायची. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी, न पाहता ते देऊ नये आणि मूत्रपिंड अशक्त असतील किंवा ऐकू कमी येत असेल तर टाळावे.

सर्वांत नेमका मार्ग म्हणजे आधी जंतूंनाच विचारणे. बायोप्सीच्या एक-दोन आठवडे आधी गुदद्वारातून कापसाची काडी फिरवून नमुना घ्यायचा. तो सिप्रोफ्लॉक्सासिन मिसळलेल्या माध्यमावर वाढवायचा. त्यावर जंतू उगवले तर ते औषध बाद. मग कोणते लागू पडेल ते त्याच अहवालावरून ठरवायचे. यासाठी प्रयोगशाळेला आधी सांगून ठेवावे लागते. नुसते ‘रेक्टल स्वॅब कल्चर’ लिहून पाठवले तर नेहमीचे आतड्यातले जंतू सापडल्याचा निरुपयोगी अहवाल हाती येतो. ज्यांनी गेल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतले आहे, जे अलीकडे रुग्णालयात राहिले आहेत, ज्यांना मधुमेह आहे, नळी आहे, पूर्वी बायोप्सीनंतर ताप आला होता किंवा जे स्वतः रुग्णालयात काम करतात, त्यांची ही तपासणी तरी चुकवू नये.

धोका जास्त दिसला की दोन-तीन औषधे एकदम देण्याकडे कल असतो. त्याने त्या रुग्णापुरता संसर्ग कमी होतो हे खरे. पण सरसकट सर्वांना असे दिले तर काही वर्षांनी ती औषधेही सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वाटेने जातील. बायोप्सीनंतर पाच-सात दिवस गोळ्या चालू ठेवण्याला तर आधार नाही. सुई शिरते त्या घटकेला औषध रक्तात आणि ग्रंथीत असले पाहिजे. म्हणून वेळ महत्त्वाची. टेबलावर झोपल्यावर गिळलेली गोळी उपयोगाची नाही. जिथे अहवाल पाहून सिप्रोफ्लॉक्सासिन द्यायचे ठरते, तिथे ते एक ते दोन तास आधी, साध्या पाण्याबरोबर. दूध, दही, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या किंवा अँटासिडबरोबर घेतले तर ते पोटातच बांधले जाते आणि रक्तात पुरेसे पोचत नाही. ही सूचना औषधाच्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली दिसते.

पोव्हिडोन आयोडीनने गुदाशय पुसणे हा उपाय इतका सोपा आहे की त्याला कोणी मान देत नाही. यादृच्छिक चाचण्यांचे, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठीने ठरवणाऱ्या अभ्यासांचे, एकत्रित निष्कर्ष असे सांगतात की अँटिबायोटिकच्या जोडीला हे केले तर संसर्ग सुमारे निम्म्यावर येतो. जंतू कुठल्याही औषधाला दाद देत नसला तरी आयोडीनपुढे टिकत नाही, हा त्याचा मोठा गुण. करायचे असे: रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा आजार आहे का ते विचारावे. बोटाने तपासून गुदाशयात विष्ठा असल्यास ती काढावी, कारण विष्ठेत मिसळले की आयोडीनचा जोर कमी होतो. मग १० टक्के पोव्हिडोन आयोडीनच्या पाण्यातल्या द्रावणाने चिंब केलेली गॉझ पकडीत धरून किंवा बोटाने आत फिरवावी. समोरची भिंत, म्हणजे प्रोस्टेटच्या बाजूची, विशेष काळजीने पुसावी. गॉझ बदलून पुन्हा तेच करावे. नंतर निदान दोन मिनिटे थांबावे. ही दोन मिनिटेच बहुतेक ठिकाणी गाळली जातात. पुसल्याबरोबर भरपूर जेली लावून प्रोब आत घातला की आयोडीन वाहून जाते आणि पुसण्याचा उपचार तेवढा उरतो. स्पिरिट मिसळलेले द्रावण आत कधीही वापरू नये, आतले नाजूक अस्तर भाजते. आत टाकलेल्या गॉझ मोजून बाहेर काढाव्यात.

एनिमाबद्दल एवढेच, की त्याने प्रोबचे चित्र स्वच्छ दिसते, पण संसर्ग कमी होतो असे सिद्ध झालेले नाही. एनिमा दिला म्हणून आयोडीन टाळता येत नाही. काही ठिकाणी प्रत्येक तुकड्यानंतर सुईचे टोक १० टक्के फॉर्मलिनमध्ये बुडवतात. त्याने फायदा झाल्याचे अहवाल आहेत. मात्र ती वरची जोड म्हणावी, वरच्या कुठल्याही पायरीऐवजी नव्हे.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते तिच्याकडे येऊ: प्रोब, नीडल गाइड आणि जेली. संसर्ग रुग्णाच्या स्वतःच्या जंतूंमुळे होतो हे खरे असले तरी काही वेळा आदल्या रुग्णाचे किंवा नळाच्या पाण्यातले जंतूही आत जातात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात बायोप्सी झालेल्या चार रुग्णांना स्युडोमोनास एरुजिनोसा या जंतूचा संसर्ग झाला. शोध घेतल्यावर धागा नीडल गाइडच्या अपुऱ्या सफाईपर्यंत पोचला. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा साधनांच्या सफाईबाबत देशभर सूचना काढली.

नीडल गाइड ही अरुंद, लांब, पोकळ नळी. सुई मागे येताना तिच्यातून रक्त, ऊतीचे कण आणि विष्ठेचे अंश ओढत आणते. ते आत वाळले की त्यावर जंतुनाशक द्रावण नुसते वरून वाहते. म्हणून क्रम असा हवा: रुग्ण टेबलावरून उठताच गाइड प्रोबपासून सुटी करायची. एंझाइम असलेल्या द्रावणात भिजवायची. नळीच्या व्यासाला बरोबर बसणारा लांब ब्रश दोन्ही टोकांकडून आरपार काढायचा, तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत. सिरिंजने आतून पाणी मारायचे. उजेडात धरून आरपार पाहायचे. मग पूर्ण वाळवायची. ओली नळी द्रावणात टाकली तर द्रावण पातळ होते. त्यानंतर धातूची गाइड असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणे. निर्वात करणाऱ्या यंत्रात १३२ अंश सेल्सियसला ४ मिनिटे किंवा साध्या यंत्रात गुंडाळून १२१ अंशांना ३० मिनिटे. सुई ऊतीत शिरते, म्हणून सुईला स्पर्श करणारी नळी निर्जंतुक असली पाहिजे. ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटे बुडवलेली गाइड निर्जंतुक होत नाही. त्या द्रावणाने निर्जंतुकीकरण व्हायला साधारण दहा तास लागतात. दिवसाला पाच-सहा बायोप्सी असतील आणि गाइड दोनच असतील, तर नियम मोडणारच. एका सत्रात जितके रुग्ण, तितक्या गाइड लागतात. एकदाच वापरायच्या गाइड घेतल्या तर हा सगळा प्रश्न मिटतो, पण मग त्या खरोखर एकदाच वापरून टाकाव्यात. सुईलाही हाच नियम. ती धुऊन, वायूने निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याजोगी वस्तू नाही. तिची खाच फार बारीक असते, तिथे ब्रश पोचत नाही आणि बोथट धार ऊती फाडते.

प्रोबवर आवरण चढवले म्हणजे प्रोब स्वच्छ राहिला, हा समज तितकाच धोक्याचा. बीजांडे काढण्याच्या प्रक्रियेत वापरलेली आवरणे तपासणाऱ्या एका अभ्यासात दोन पुरवठादारांच्या आवरणांपैकी ७५ ते ८१ टक्के आवरणांना भोके पडलेली आढळली. सगळीच आवरणे इतकी वाईट नसतात. पण डोळ्यांना न दिसणारे भोक असू शकते हे धरूनच चालावे लागते. आवरण काढताना हात आणि प्रोब माखतो तो वेगळाच. म्हणून दर रुग्णानंतर प्रोब पुसून, धुऊन, वाळवून उच्च पातळीच्या जंतुनाशकात ठेवावा. २ टक्के ग्लुटराल्डिहाइड असेल तर बाटलीवर दिलेल्या तापमानाला दिलेला पूर्ण वेळ, निदान २० मिनिटे. घड्याळ लावून. द्रावणाची ताकद रोज कामाआधी पट्टीने तपासावी. चौदा दिवसांचे द्रावण म्हणजे चौदा दिवस खात्रीचे असे नाही. रोज ओले प्रोब बुडवले तर ते त्याआधीच कमजोर होऊ शकते. पट्टी नापास झाली तर तारीख न पाहता फेकून द्यावे. शेवटी निर्जंतुक पाण्याने खळबळून धुवावे. नळाच्या पाण्याने धुतले तर आधीची सगळी मेहनत त्या पाण्यातल्या स्युडोमोनासच्या स्वाधीन होते. प्रोब उभा टांगून वाळवावा. ओल्या प्रोबवर रात्रभरात जंतू वाढतात.

जेलीची मोठी बाटली तर सर्रास दिसते: अर्धी झाली की डब्यातून पुन्हा भरलेली, तोंडाला वाळलेली जेली चिकटलेली. २०११-१२ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया झालेल्या १६ रुग्णांमध्ये स्युडोमोनास आढळला आणि त्याचा माग सोनोग्राफीच्या जेलीपर्यंत गेला. जेलीत टिकवण्यासाठी घातलेली द्रव्ये असतात, म्हणून तिच्यात जंतू वाढत नाहीत हे खरे नाही. बायोप्सीसाठी एका रुग्णाला एक निर्जंतुक पाकीट. आवरणाच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे तीच. उघडलेले पाकीट पुढच्या रुग्णासाठी ठेवायचे नाही.

इथवर सांगितले ते गुदमार्ग कायम ठेवून. पण मूळ गोष्ट सुईच्या वाटेची आहे, आणि ती वाट बदलता येते. वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून, म्हणजे पेरिनियममधून, सुई थेट प्रोस्टेटमध्ये नेता येते. प्रोब गुदाशयातच राहतो, पण सुई गुदाशयाची भिंत ओलांडत नाही. त्वचा निर्जंतुक करता येते, गुदाशय करता येत नाही. युरोपीय युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शिकेने याच कारणाने पेरिनियमच्या मार्गाला पसंती दिली आहे.

पुरावा सरळ मांडायला हवा. ‘प्रिव्हेंट’ या ६५८ पुरुषांच्या चाचणीत पेरिनियमच्या मार्गाने, अँटिबायोटिक न देता, एकालाही संसर्ग झाला नाही. गुदमार्गाच्या गटात स्वॅब पाहून औषध दिले होते, तिथे चौघांना झाला, म्हणजे १.४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या निकषावर थोडक्यात हुकला. ‘प्रोब-पीसी’ या दुसऱ्या चाचणीत मात्र दोन्ही मार्गांत फरकच दिसला नाही, २.७ आणि २.६ टक्के. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रान्सलेट’ या ब्रिटिश चाचणीत १,१२६ पुरुष होते. तिथे संसर्गामुळे दाखल व्हावे लागलेले पेरिनियमच्या गटात २, गुदमार्गाच्या गटात ९. महत्त्वाचा, म्हणजे दुर्लक्ष न करण्याजोगा, कर्करोग सापडण्याचे प्रमाणही पेरिनियमच्या मार्गाने ६० टक्के आणि गुदमार्गाने ५४ टक्के होते. वेदना मात्र पेरिनियमच्या मार्गाने जास्त जणांना जाणवल्या. आमच्या मते या सगळ्याचा अर्थ असा, की गुदमार्ग अतिशय काळजीने केला तर संसर्ग खूप खाली आणता येतो. पण ती काळजी चाचणीत असते तशी रोजच्या धावपळीत टिकत नाही. पेरिनियमच्या मार्गात सुरक्षितता वाटेतच आहे आणि अँटिबायोटिकशिवायही काम होते. हा दुसरा फायदा आम्हाला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

मार्ग बदलला म्हणून निष्काळजीपणा चालत नाही. रुग्णाला पाठीवर झोपवून पाय आधारांवर वर घेतात. वृषण पट्टीने वर उचलून ठेवतात. केस काढायचे तर क्लिपरने. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक जखमा होतात. त्वचा अल्कोहोलमधल्या २ टक्के क्लोरहेक्सिडिनने पुसून पूर्ण वाळू द्यावी. हे द्रावण गुदद्वाराच्या आतल्या अस्तराला लागू देऊ नये, तिथे पोव्हिडोन आयोडीन. भूल देताना मात्रेचा हिशोब आधी कागदावर करावा. साध्या (ॲड्रिनलिन न मिसळलेल्या) लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची कमाल मात्रा दर किलो वजनामागे ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २७० मिलिग्रॅम. १ टक्का द्रावणाचे २७ मिलिलिटर झाले. २ टक्क्यांची बाटली हाताशी आहे म्हणून २० मिलिलिटर दिले तर ४०० मिलिग्रॅम होतात आणि झटके येण्याचा धोका उभा राहतो. आधी त्वचा बधिर करावी, काही मिनिटे थांबावे, मग सोनोग्राफीत पाहत ग्रंथीच्या टोकाजवळ आणि दोन्ही बाजूंना भूल सोडावी. इथे घाई केली की रुग्णाला हा मार्ग अधिकच दुखतो.

मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पोकळ सुई रोवून तिच्यातूनच बायोप्सीची सुई आत-बाहेर केली तर त्वचेला दोनच छिद्रे पडतात. इथे चुकते ते दोन ठिकाणी. एक, प्रोब धरणारा हात माखतो आणि तोच हात सुईला लागतो. म्हणून कोणता हात प्रोबचा आणि कोणता सुईचा हे ठरवून घ्यावे आणि प्रोबला लागलेला हातमोजा बदलल्याशिवाय सुईला हात लावू नये. दोन, ग्रंथीच्या मागच्या भागातला तुकडा घेताना सुई फार खाली झुकते आणि गुदाशयाच्या भिंतीतून जाते. तसे झाले की या मार्गाचा सगळा फायदा गेला. पडद्यावर सुईची पूर्ण लांबी दिसत नसेल तर चाप ओढू नये. प्रोब काढताना त्यावर रक्त दिसले तर भिंत टोचली गेली असे धरून त्या रुग्णाला अँटिबायोटिक द्यावे. काहींची लघवी अडकते, विशेषतः मोठी ग्रंथी असेल किंवा खूप तुकडे घेतले असतील तर. लघवी झाल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये.

बायोप्सी झाली, रुग्ण घरी गेला. आता जबाबदारी कागदावर हवी. लघवीत किंवा शौचाला थोडे रक्त काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे दिसते, त्याने घाबरू नये. मात्र ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप, किंवा ताप नसतानाही हुडहुडी, धाप, चक्कर, गोंधळल्यासारखे बोलणे, लघवी बंद होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच घटकेला, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. बहुतेकदा हे पहिल्या दोन-तीन दिवसांत होते. पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत थांबणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ताप उतरतो, रक्तातले जंतू वाढत राहतात. वयस्क माणसांना तर कधी ताप येतच नाही, नुसते अंग गळून जाते. घरातल्या दुसऱ्या माणसालाही हे समजावून सांगावे, कारण सेप्सिस झालेला माणूस स्वतःचा निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसतो.

रुग्णालयात पोचल्यावर पहिले वाक्य ‘प्रोस्टेटची बायोप्सी झाली आहे’ हे असावे आणि घेतलेल्या औषधाचे नाव सांगावे. डॉक्टरांनी रक्ताची दोन कल्चर आणि लघवीचे कल्चर घेऊन, लॅक्टेट या रक्ततपासणीचा नमुना पाठवून, तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे. संरक्षण म्हणून दिलेल्या गटातलेच औषध पुन्हा देऊ नये, जंतू त्याला पुरून उरला आहे म्हणूनच तर ताप आला. रुग्ण गंभीर असेल तर मेरोपेनेमसारख्या औषधाने सुरुवात करून कल्चर आल्यावर ते आवरते घ्यावे. रक्तदाब पडलेला असेल तर पहिल्या तीन तासांत दर किलोमागे ३० मिलिलिटर सलाइन, हृदय आणि मूत्रपिंडांकडे लक्ष ठेवून.

रुग्णांनी बायोप्सी ठरवताना विचारायला संकोच करू नये: माझा एमआरआय पाहिला का? सुई कोणत्या मार्गाने जाणार? गुदमार्ग असेल तर आयोडीन आणि स्वॅब करणार का? गाइड ऑटोक्लेव्ह केलेली आहे का? रात्री ताप आला तर कोणत्या क्रमांकावर फोन करू? ज्या विभागात ही कामे नीट होतात तिथे या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि विभागप्रमुखांना एक विनंती. तुमच्याकडे बायोप्सीनंतर किती जणांना संसर्ग होतो, हा आकडा लिहिलेला आहे का? ताप आलेला माणूस बहुधा घराजवळच्या दुसऱ्याच रुग्णालयात दाखल होतो आणि बायोप्सी करणाऱ्याला ते कळतही नाही. ‘आमच्याकडे असे होत नाही’ हे वाक्य पुष्कळदा त्यातूनच आलेले असते. प्रत्येक रुग्णाला सातव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करावा. ताप आला का, कुठे दाखल झालात का, कल्चरमध्ये कोणता जंतू निघाला, एवढे तीन प्रश्न. उत्तरे एका वहीत, मार्ग, दिलेले औषध, स्वॅबचा अहवाल आणि वापरलेल्या प्रोबचा क्रमांक यांच्यासह. ताप आलेल्या दोन रुग्णांच्या पुढे एकच प्रोब किंवा एकच दुर्मिळ जंतू लिहिलेला दिसला, तर तो प्रोब आणि त्याची गाइड त्याच दिवशी कामातून काढून तपासणीला पाठवावी.

आपले नम्र,
मूत्रशल्यचिकित्सा आणि संसर्ग नियंत्रण विभागांत काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका